पालिका बाजारातले अनाम मॉडर

रॉकस्टार कंपनीचा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी’ हा खेळ मे २००३मध्ये संगणकावर आला. मायामीसारखं दिसणारं शहर, १९८६ साल, निऑनचे दिवे आणि हवाई शर्ट घातलेला नायक. काही वर्षांतच दिल्लीचा पालिका बाजार, नेहरू प्लेस आणि देशभरातल्या सीडीच्या दुकानांत या खेळाची अशी रूपं मिळू लागली, जी रॉकस्टारने कधी काढलीच नव्हती. वेष्टनावर कुठे ‘पंजाब’, कुठे ‘मुंबई’, कुठे ‘डॉन २’. आतलं शहर तेच, पूल आणि समुद्रकिनारा तोच. पण रस्त्यावर अँबॅसडर आणि मारुती धावायच्या, रेडिओवर हिंदी-पंजाबी गाणी वाजायची आणि नायकाच्या अंगावरचे कपडे बदललेले असायचे. विकत घेणाऱ्या शाळकरी मुलांपैकी अनेकांना तो वेगळा, नवा खेळच वाटायचा.

तो वेगळा खेळ नव्हता, मॉड होता. मूळ खेळाच्या फायलींत एखाद्या चाहत्याने केलेला फेरफार म्हणजे मॉड. व्हाइस सिटीच्या फोल्डरात ‘जीटीए३’ नावाची एक भली मोठी फाइल असते. शहरातल्या गाड्या, माणसं, इमारती सगळ्या तिच्यात बांधून ठेवलेल्या. गाडीचा आकार एका फायलीत, तिच्यावर चढवायची चित्रं दुसऱ्या फायलीत. मॉडर ही गाठोडी सोडतो, एका गाडीचा आकार बाहेर काढतो आणि अगदी त्याच नावाने आपण घडवलेली अँबॅसडर आत ठेवतो. खेळ नावावरून फाइल शोधतो. नाव जुळलं की त्याची तक्रार नसते. ऐकायला सोपं वाटतं, पण ती अँबॅसडर शून्यातून उभी करायची तर बॉनेटची गोलाई, मागच्या दिव्यांची जागा, चाकांचं अंतर असं एकेक जमवत रात्री जातात. चाक अर्धं जमिनीत रुतलं किंवा दार उघडल्यावर हवेत लटकलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

काही दारं तर कंपनीनेच उघडी ठेवली होती. संगणकावरच्या व्हाइस सिटीत ‘एमपी३’ नावाचं रिकामं फोल्डर असे. त्यात आपली गाणी टाकली की गाडीच्या रेडिओवर एक जादा स्टेशन लागे. ‘स्किन्स’ नावाच्या फोल्डरात चित्र टाकलं की नायकाचे कपडे बदलत. म्हणजे खेळणाऱ्याने खेळात स्वतःचं काही आणावं, हे बनवणाऱ्यालाही अपेक्षित होतं. कुठपर्यंत आणावं आणि आणलेलं कुणाचं, हा प्रश्न मात्र खुला राहिला.

मॉड इंटरनेटवर फुकट मिळत आणि त्यांच्यासोबत बहुधा एक ‘रीडमी’ असे. साध्या अक्षरांतली छोटी फाइल. मॉड कुणी केला, कुणाकुणाची मदत झाली, कोणाचा आकार उसना घेतला आणि शेवटी विनंती, की हे विकू नका. दुकानातल्या सीडीवर मूळ खेळ, त्याचं कुलूप तोडणारा ‘क्रॅक’ आणि मॉड एकत्र भरले जात आणि वेष्टनावर कुठल्याही मॉडरचं नाव नसे. आधी कंपनीच्या खेळाची चोरी, मग चाहत्याच्या कामाची. चोरावर मोर म्हणतात ते हेच. दिल्लीतल्या या धंद्याचा इतिहास लिहिताना कंपन्या सापडतात, छापे सापडतात, न्यायालयाचे हुकूम सापडतात. ज्याने काम केलं, तो माणूस त्यात जवळजवळ कुठेच सापडत नाही.

हा फेरफाराचा धंदा सीडीपासून सुरू झाला असंही नाही. १९९०च्या दशकात लाल किल्ल्यासमोरचं लाजपतराय मार्केट म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा घाऊक बाजार. टीव्हीला जोडायचे आठ-बिटी ‘व्हिडिओ गेम’ तिथून उत्तर भारतभर जात. ही यंत्रं म्हणजे बहुतेक निन्टेन्डोच्या नकला, आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या कार्ट्रिजांवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे. आत खरे खेळ मोजकेच. मग आकडा फुगवायचा कसा? एकाच ‘काँट्रा’च्या अनेक आवृत्त्या करून: एक पहिल्या टप्प्यापासून सुरू होणारी, दुसरी तिसऱ्या टप्प्यापासून, आणखी एक भरपूर जीव देणारी. तैवान-चीनमधल्या कारखान्यांत कुणीतरी मूळ खेळाच्या आकड्यांत हात घालून हे बदल करत होतं. दिल्ली-मुंबईपासून अकोला-नांदेडपर्यंत एक पिढी असे बदललेले खेळच मूळ समजून मोठी झाली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या घरात आलेला ‘काँट्रा’ कुणीतरी आधीच ‘मॉड’ केलेला होता, हे आजही अनेकांना ठाऊक नसतं.

पालिका बाजार जमिनीखाली, नेहरू प्लेस मोकळ्या फरसबंदी चौकाभोवती, करोल बागेतलं गफ्फार मार्केट गल्ल्यांत. तिन्हींचा बाज वेगळा, पण परदेशी यादीत ती एकाच कारणाने गेली. अमेरिकेचा व्यापार प्रतिनिधी दरवर्षी नकली मालासाठी ‘कुख्यात’ बाजारांची यादी काढतो. नेहरू प्लेस आणि गफ्फार मार्केट त्यात झळकून गेलेत. २०२१च्या यादीत दिल्लीचे पालिका बाजार आणि टँक रोड, मुंबईचं हिरा पन्ना आणि कोलकात्याचं किडरपूर ही नावं होती. यादी करणाऱ्याच्या लेखी सीडीवरचा खेळ, नकली घड्याळ आणि नकली बूट एकाच मापाचे. त्यात चाहत्याने केलेलं काही असू शकतं, हे पाहायला तिथे रकाना नाही.

नेहरू प्लेसला ‘मॉड’ या शब्दाला आणखी एक अर्थ होता. तिथे प्लेस्टेशनच ‘मॉड’ करून मिळे. यंत्र उघडायचं, आत एक चिप डाकायची किंवा आज्ञावलीतून कुलूप तोडायचं, की नकली डिस्क चालू. २०१२मध्ये सोनीच्या गेमिंग कंपनीने याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. यंत्रात असे बदल करून विकणाऱ्यांना आणि सोबत नकली खेळ देणाऱ्यांना न्यायालयाने समोरची बाजू येण्याआधीच अंतरिम मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाला अशा तातडीच्या हुकमांची सवय होती. २००२च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी टेन स्पोर्ट्ससाठी अनोळखी केबलवाल्यांविरुद्ध, ‘अशोक कुमार’ अशा काल्पनिक नावानिशी मनाई देण्याची वाट याच न्यायालयाने रुळवली.

योगायोग असा की, सोनीने दावा लावला त्याच वर्षी कॉपीराइट कायदा बदलला. २१ जून २०१२पासून कलम ६५-अ लागू झालं. संरक्षक कुलूप हक्कभंगाच्या इराद्याने तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायदा करणाऱ्यांनी ‘हक्कभंगाच्या इराद्याने’ हे शब्द जाणून घातले आणि पुढे आणखी एक तरतूद केली: कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप उघडायला हरकत नाही. दुसऱ्याला असं कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने मात्र त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची. नेहरू प्लेसच्या टेबलावर सोल्डरिंगच्या बंदुकीशेजारी असं नोंदवहीचं पान उघडलेलं असायला हवं, असं कायदा सांगतो. ती तरतूद कागदावर आहे आणि वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात फेरफार करणारा प्रत्येक जण चोर धरलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २००५मध्ये सोनीविरुद्धच्या खटल्यात मॉडचिपला त्यांच्या तेव्हाच्या कायद्याखाली बेकायदा मानायला नकार दिला होता.

चिपचा प्रश्न तुलनेने सोपा, कारण चिपमध्ये कुणाची कला नसते. अँबॅसडर बनवणाऱ्या पोराचा प्रश्न अवघड आहे.

भारतीय कायद्यात संगणकाची आज्ञावली १९८४च्या दुरुस्तीपासून ‘साहित्यकृती’ म्हणून गणली जाते. म्हणजे व्हाइस सिटीचा कोड कादंबरीच्या रांगेत बसतो. त्यातली चित्रं, संगीत, हलती दृश्यं यांचे हक्क पुन्हा निराळे. मूळ कृतीची मांडणी बदलणं किंवा तिच्यात फेरफार करणं याला कायदा ‘रूपांतर’ म्हणतो, आणि रूपांतराचा हक्क मालकाचा. इथवर मॉडरचं काम सरळसरळ अडतं. मात्र कलम ५२ थोडी सूट देतं. ज्याच्याकडे आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे आहे, त्याने ती ज्या कामासाठी मिळाली त्याच कामासाठी वापरताना तिची प्रत किंवा रूपांतर केलं तर तो भंग नाही. आज्ञावली कशी चालते हे पाहणं-अभ्यासणं आणि इतर आज्ञावलींशी तिची सांगड घालायला लागणारी माहिती मिळवणं, यांनाही सूट आहे. घरी बसून विकत घेतलेल्या खेळात आपली अँबॅसडर घालणारा मुलगा या सुटीच्या छत्राखाली येतो, असं म्हणायला बरीच जागा आहे. तो ती अँबॅसडर दुसऱ्याला द्यायला निघाला, की छत्राची कड येते.

अमेरिकेत ही कड दोन खटल्यांनी आखली. १९९२मध्ये गलूब कंपनीच्या ‘गेम जिनी’ या उपकरणाविरुद्ध निन्टेन्डो हरली. खेळताना थोडा वेळ जीव वाढवणं किंवा वेग बदलणं ही नवी कृती नव्हे, असं अपील न्यायालय म्हणालं. सहा वर्षांनी त्याच न्यायालयापुढे ‘मायक्रो स्टार’ आली. या कंपनीने ‘ड्यूक न्यूकम’ या खेळाच्या चाहत्यांनी इंटरनेटवर फुकट टाकलेले तीनशे टप्पे गोळा केले, एका सीडीवर भरले आणि विकले. त्या फायलींत मूळ खेळाचं एकही चित्र नव्हतं. कुठे भिंत, कुठे शत्रू एवढ्याच सूचना होत्या. तरी निकाल मायक्रो स्टारच्या विरोधात गेला. न्यायालयाच्या मते त्या सूचनांतून ड्यूकच्याच पुढच्या कथा घडत होत्या आणि पुढच्या कथा सांगण्याचा हक्क मालकाचा. पालिका बाजारातली सीडी आणि ही सीडी यांच्यात मूळ फरक एवढाच, की दिल्लीच्या सीडीवर मूळ खेळही चोरीचाच असे. आणि दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी राहिली: चाहत्यांच्या ज्या कामावर सीडी विकली गेली, त्याच्या कर्त्यांना भांडणात जागा नव्हती. भांडण खेळाची कंपनी आणि सीडीवाला यांचं होतं.

मूळ मालकाचा हक्क आणि नंतर येणाऱ्याची कला यांच्यातली ही ओढाताण दिल्लीने याआधी एकदा पाहिली होती, आणि तेव्हा कायद्याने मधला रस्ता काढला होता. तो रस्ता दर्यागंजपासून नोएडाला गेला.

गुलशन कुमार यांच्या वडिलांचं दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान होतं. पुढे कुटुंब कॅसेटच्या व्यवहारात आलं, १९८३मध्ये सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज सुरू झाली आणि नोएडाच्या कारखान्यातून टी-सीरिजच्या कॅसेट देशभर जाऊ लागल्या. जुन्या गाण्यांचा खजिना तेव्हा ग्रामोफोन कंपनीकडे, म्हणजे एचएमव्हीकडे होता. टी-सीरिजने तीच गाणी नव्या आवाजात गाऊन घेतली. कॉपीराइट कायद्यात ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’ची सोय होती: मूळ ध्वनिमुद्रणाला ठरावीक वर्षं झाली, मालकाला आधी कळवलं आणि रॉयल्टी भरली, की तेच गाणं नव्याने गाऊन काढता येई. मूळ फीत वापरायची नाही, चाल आणि शब्द वापरायचे. फरिदाबादच्या सोनू निगमला ‘रफी की यादें’ने लोकांपर्यंत नेलं. अनुराधा पौडवालांचा आवाज घराघरात पोचवण्यात टी-सीरिजचा वाटा किती मोठा, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

एचएमव्हीला हे मानवलं नाही, आणि १९९५मध्ये ‘हम आपके हैं कौन’च्या गाण्यांच्या व्हर्जनवरून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे वाद गाण्यांचा होता तितकाच वेष्टनाचाही: गिऱ्हाइकाला कॅसेट हातात घेताना ही मूळ ध्वनिफीत नव्हे, हे कळतं की नाही. २०१२मध्ये व्हर्जन रेकॉर्डिंगची तरतूद कलम ३१-क मध्ये नव्याने आली आणि जास्त कडक झाली. मूळ मुद्रण झालेल्या वर्षानंतर पाच वर्षं थांबायचं. दर वर्षी किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. मूळ गायकाचं नाव किंवा चित्र वापरायचं नाही. आणि वेष्टनावर हे कव्हर व्हर्जन आहे असं स्पष्ट लिहायचं.

टी-सीरिजचा धंदा सुरुवातीला किती स्वच्छ होता, यावर संगीताच्या व्यवसायात अजून वाद होतात. कायद्याने काय केलं, ते मात्र नीट दिसतं. नवा गायक जुन्या गाण्याकडे ओढला जाणारच हे त्याने मान्य केलं, आणि मुदत, मोबदला आणि खरं लेबल या तीन अटींवर त्याला आत घेतलं. व्हिडिओ गेमच्या चाहत्यासाठी असं दार नाही. मालकाची परवानगी मिळाली तर ठीक, नाहीतर कलम ५२च्या छोट्या सुटीत बसवून घ्यायचं. परवानगी मागायला कुणाकडे जायचं, हेही रोहिणी किंवा गाझियाबादमधल्या मुलाला ठाऊक असण्याचं कारण नाही.

नावाचा प्रश्न तर पैशाहून मोठा आहे, आणि तो दिल्लीच्याच एका भिंतीवर लढला गेला. विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच काशाचं भित्तिशिल्प होतं. ते १९७९मध्ये उतरवलं गेलं आणि गोदामात त्याची मोडतोड झाली. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरीही फेब्रुवारी २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सहगल यांच्या बाजूने निकाल दिला, पाच लाखांची भरपाई ठरवली आणि उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला सांगितले. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ म्हणजे कर्त्याचे खास अधिकार. मालकी विकली तरी कृतीवर आपलं नाव असण्याचा आणि तिची विटंबना थांबवण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. या कलमाला भारतात खरी ताकद सहगल खटल्याने दिली.

हेच कलम मॉडकडे वळवून पाहिलं की दोन गोष्टी लागोपाठ दिसतात. पहिली, कलम ५२च्या सुटीत बसणारं आज्ञावलीचं रूपांतर असेल, तर मूळ लेखकाला कलम ५७ खाली त्याला रोखता येत नाही, असं कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे. दुसरी, मॉडरने स्वतः घडवलेला आकार किंवा चित्र ही त्याची कृती ठरत असेल, तर तिच्यावर त्याचं नाव असण्याचा हक्क त्याचा. कृती ठरायला किती नवेपणा लागतो, याचा मापदंड सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७मध्ये ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात घालून दिला. तिथे प्रश्न निकालपत्रांच्या सीडीचा होता. निकालपत्रं सर्वांची, पण संपादकांनी स्वतःची समज वापरून केलेल्या परिच्छेदांच्या मांडणीसारख्या कामात थोडी तरी सर्जनशीलता असते आणि तेवढ्यापुरतं संरक्षण मिळतं, असं न्यायालय म्हणालं. बॉनेटची गोलाई जमवत काढलेल्या रात्री त्या मापदंडात बसतात, असं म्हणायला जागा आहे. रीडमी पुसून सीडी विकणाऱ्या दुकानदाराने कंपनीइतकंच त्या मुलाचंही नुकसान केलं. कंपनीने वकील उभा केला. मुलाचा पत्ताच सीडीवर ठेवला नव्हता.

कंपन्यांचं वागणंही एकसारखं राहिलेलं नाही. ‘हाफ-लाइफ’चा मॉड म्हणून १९९९मध्ये दोन तरुणांनी केलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ व्हॉल्व्ह कंपनीने पुढच्याच वर्षी विकत घेतला आणि कर्त्यांना नोकरी दिली. दिल्लीच्या सायबर कॅफेंत तो खेळ वर्षानुवर्षं चालला. व्हाइस सिटीची मालक टेक-टू हिने मात्र जून २०१७मध्ये ‘ओपनआयव्ही’ या मॉडिंगच्या साधनाला नोटीस दिली. खेळाडू संतापले आणि काही दिवसांतच रॉकस्टारला धोरण जाहीर करावं लागलं, की एकट्याने खेळायच्या, बिनपैशाच्या मॉडच्या मागे आम्ही साधारणपणे लागणार नाही. २०२१मध्ये ‘जीटीए ३’ आणि व्हाइस सिटी यांचा कोड उलटा उलगडून नव्याने लिहिणाऱ्या चाहत्यांवर टेक-टूने कॅलिफोर्नियात दावा लावला. चाहत्यांना स्वतःच्या सर्व्हरवर एकत्र खेळू देणाऱ्या ‘फाइव्हएम’ या मॉडच्या कर्त्यांची खाती रॉकस्टारने २०१५मध्ये बंद केली होती. ऑगस्ट २०२३मध्ये त्याच गटाला तिने आपल्यात सामील करून घेतलं. या आठ वर्षांत फाइव्हएमवर भारतीय भूमिकाखेळाचे सर्व्हरही नांदू लागले होते.

मालकाचा स्वतःचा हक्कही उसना असतो. ‘जीटीए ४’मधल्या काही गाण्यांचे परवाने दहा वर्षांनी संपले, तेव्हा २०१८मध्ये विकत घेतलेल्या प्रतींतूनही ती गाणी गेली. ती परत घालणारे मॉड चाहत्यांनी केले. तिथे मूळ कृती जशीच्या तशी जपण्याचं काम मॉडरने केलं आणि ती बदलली मालकाने.

या सगळ्या गुंत्याचं सगळ्यात बोलकं भारतीय उदाहरण ‘ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७’ आहे. हा खेळ २००६च्या अखेरीस आला. त्यात ॲशेसचा परवाना होता. भारतीय संघाचा नव्हता, म्हणून आपले खेळाडू बदललेल्या नावांनी खेळत. चाहत्यांचं पहिलं काम नावं दुरुस्त करायचं होतं. मग गणवेश, चेहरे, बॅटवरचे स्टिकर, धावफलकाची पट्टी, मैदानं. १८ एप्रिल २००८ला आयपीएल सुरू झाली आणि सुमारे दीड वर्ष आधी निघालेल्या खेळात चाहत्यांनी अख्खी आयपीएल घातली. दर हंगामाला नवा ‘पॅच’. खेळाडूंचा लिलाव झाला की संघ बदलायचे. डिसेंबर २०१८मध्ये दिल्ली डेअरडेव्हिल्सचे कॅपिटल्स झाले की गणवेश नवा. पुढच्या सप्टेंबरात फिरोजशाह कोटलाचं अरुण जेटली स्टेडियम झालं की पाटी नवी. ईएने त्यानंतर संगणकासाठी क्रिकेटचा खेळ काढलाच नाही. कंपनीने सोडून दिलेला खेळ चाहत्यांनी पंधरा वर्षांहून जास्त चालवला.

एका पॅचमध्ये किती हक्क गुंततात ते मोजून पाहण्यासारखं आहे. कोड ईएचा. संघांची बोधचिन्हं फ्रँचायझींची, आणि ती ट्रेडमार्क. बॅटवरचा स्टिकर टायर किंवा बॅट कंपनीचा. चेहरा खेळाडूचा. यातल्या शेवटच्या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ला महत्त्वाचा आदेश दिला. क्रिकेटपटूंच्या डिजिटल कार्डांचा व्यवसाय करणाऱ्या ‘रारियो’ने प्रतिस्पर्धी ‘स्ट्रायकर’ला रोखायची मागणी केली होती. खेळाडूंची नावं, चित्रं आणि त्यांच्या कामगिरीचे आकडे ही सार्वजनिक माहिती आहे आणि तिच्यावर कुणाचा एकाधिकार नाही, असं म्हणत न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी अंतरिम मनाई नाकारली. खेळांच्या दुनियेसाठी हा आदेश मोठा आधार आहे. ट्रेडमार्कचा कायदाही मुख्यतः व्यापारातल्या वापराकडे पाहतो; फुकट पॅच वाटणारा चाहता आणि त्याचीच सीडी विकणारा दुकानदार यांना तो एका तराजूत तोलत नाही.

परवानगीची वाट दुसऱ्यांनी काढून दाखवली आहे. २०१४च्या ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट’मध्ये बिग अँट या ऑस्ट्रेलियन कंपनीने खेळाडू आणि संघ घडवायची सोय खेळातच दिली आणि चाहत्यांनी केलेले संघ एकमेकांना देता येऊ लागले. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’मध्ये बसचे आकार आणि रंग बाहेरून आणता येतात, तिथे लाल-पिवळ्या एसटीपासून दिल्लीच्या हिरव्या डीटीसीपर्यंत भारतीय बस धावतात आणि कुणालाही लपावं लागत नाही.

क्रिकेट ०७च्या चाहत्याला ही सोय नाही. त्याचा सगळा आधार कलम ५२ची सूट, आणि ती सूट कायदेशीर प्रत असणाऱ्यालाच मिळते. ती प्रत आज दुकानात नवी मिळत नाही, ऑनलाइन दुकानांतही ईए ती विकत नाही. जुनी मूळ डिस्क जपून ठेवलेली मोजकी घरं सोडली तर बाकी सगळे पालिका बाजार-नेहरू प्लेसच्या परंपरेतल्या प्रतीवर पॅच चढवतात, आणि तिथेच ते सुटीबाहेर पडतात. गाण्यांच्या कलम ३१-क सारखं कलम खेळांसाठी लिहायचं ठरलं, तर त्यात पाच वर्षांची मुदत, मूळ मालकाचा मोबदला आणि हा मॉड आहे असं सांगणारं लेबल एवढं तर हवंच. त्याशिवाय दोन ओळी वाढवाव्या लागतील: मालकाने विकणं थांबवलेल्या खेळाची मूळ प्रत चाहत्याने कुठून आणायची, आणि लेबलवर त्याचं स्वतःचं नाव कुणी छापायचं.